ऊसवाहतुकीच्या बैलांसाठी कलाकाराला बोलवायचं असेल तर

खांदेसूज म्हणजे काय, हे ज्यांनी बैल पाळलेत त्यांना सांगावं लागत नाही. इतरांसाठी सांगते. जू मानेवर ज्या जागी टेकतं तिथलं कातडं घासून घासून आधी गरम लागतं, मग सुजतं, मग आत पाणी धरतं. तेव्हाच बैल कामातून सोडला आणि मॅग्नेशियम सल्फेट-ग्लिसरिनचा लेप लावत राहिलं, तर सूज उतरते. सोडला नाही, तर ती फुटते आणि दुसऱ्या दिवशी उघड्या मांसावर पुन्हा जू बसतं.

सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात मी 27 वर्षं पशुवैद्यक म्हणून नोकरी केली. 2019 मध्ये निवृत्त झाले. तेव्हापासून आम्ही सातजण ऊस हंगामात दर रविवारी कारखान्यांच्या गाडीतळावर टेबल मांडतो आणि बैल तपासतो. खांदे, खूर, वेसणीच्या जखमा. या कामासाठी आम्ही दोनदा नामवंत कलाकारांना बोलावलं. पहिल्या वेळी आमच्यामुळे एका गरीब माणसाचं नुकसान झालं. दुसऱ्या वेळी काम झालं. आता पुणे, लातूर, अगदी बेळगावकडूनही लहान लहान गटांचे फोन येतात, की बाई, तुम्ही कलाकार कसा आणलात? दरवेळी अर्धा तास बोलावं लागतं, म्हणून एकदा सगळं लिहून ठेवते. तुमचा विषय कुत्र्यांचा असो, सापांचा असो की टांग्याच्या घोड्यांचा, पायऱ्या त्याच आहेत.

कलाकाराला फोन करण्याआधी एक काम करा. तुम्हाला नेमकं काय हवंय ते एका वाक्यात लिहा. दोन वाक्यं झाली तर अजून विचार झालेला नाही, असं समजा.

आमच्या पहिल्या व्हिडिओत सात मागण्या होत्या. पाणी, सावली, डॉक्टर, वजनाची मर्यादा, रिफ्लेक्टर, पराणीवर बंदी आणि विश्रांती. सगळ्या खऱ्या, पण बघणाऱ्याच्या लक्षात एकही राहिली नाही. अमेरिकेत बॉब बार्कर नावाचे दूरचित्रवाणीवरचे सूत्रसंचालक होते. 1980 च्या दशकापासून 2007 मध्ये निवृत्त होईपर्यंत आपल्या कार्यक्रमाच्या शेवटी ते प्रेक्षकांना तेच सांगत राहिले, की तुमच्या कुत्र्या-मांजरांची नसबंदी करून घ्या. त्या एका वाक्यात काय करायचं आणि कुणी करायचं, दोन्ही आलं. चीनमध्ये बास्केटबॉलपटू याओ मिंग यांनी 2006 मध्ये शार्कच्या परांचं सूप पिणार नाही असं जाहीर केलं. त्या मोहिमेचं घोषवाक्य होतं, विकत घेणं थांबलं की मारणंही थांबेल. शार्क किती बुद्धिमान, समुद्राचा समतोल कसा, असलं काही नाही. ताटातला एक पदार्थ सोडा, एवढंच. परांची मागणी निम्म्याहून जास्त घटल्याचं वाइल्डएड या संस्थेने 2014 मध्ये सांगितलं. त्याच सुमारास चीन सरकारनेही सरकारी मेजवान्यांतून हे सूप काढून टाकलं होतं, तेव्हा सगळं श्रेय एकट्या खेळाडूचं नाही. पण एवढ्या मोठ्या देशात ती गोष्ट लोकांच्या तोंडी झाली ती त्यांच्यामुळे.

आमचं वाक्य सापडायला आम्हाला दीड वर्ष लागलं. ते सापडलं तळावर उभं राहून, घरात बसून नाही.

तळावर काय होतं ते सांगते. भरलेली बैलगाडी वजनकाट्यावर जाईपर्यंत रांगेत थांबते. कधी दोन तास, कधी सात. रांग दर पंधरा-वीस मिनिटांनी चार पावलं सरकते. गाडीवानाने बैल सोडले तर नंबर जातो, म्हणून तो सोडत नाही. शिवाय दोन चाकांची भरलेली गाडी जुवाखाली टेकू दिल्याशिवाय सोडताच येत नाही. सोडली तर पुढे कलंडते. म्हणजे बैल गाडी ओढतही नसतो तेव्हा तासन्‌तास गाडीचं वजन मानेवर घेऊन नुसता उभा असतो. मी तपासलेल्या खांदेसुजीच्या बैलांत मला रस्त्यापेक्षा ही रांगच जास्त दोषी दिसली.

हे लक्षात आल्यावर मागणी आपोआप आखूड झाली: नंबराची चिठ्ठी द्या आणि तळावर टेकू ठेवा. चिठ्ठी मिळाली की माणूस निर्धास्त, टेकू मिळाला की बैल मोकळा. त्याचं वाक्य आमच्या गटातल्या एका निवृत्त शिक्षकांनी बांधलं, "नंबर चिठ्ठीवर असू द्या, जू बैलावर नको." याला कायद्याचा आधारही निघाला. ओढकामाच्या जनावरांसाठी 1965 चे केंद्रीय नियम आहेत. दिवसात 9 तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग 5 तासांपेक्षा जास्त नाही, पारा 37 अंशांच्या वर गेला की दुपारी 12 ते 3 जुंपायचं नाही आणि गरज संपल्यावर जनावर जुंपलेलं ठेवायचं नाही. नोकरीत असताना हे नियम मला पाठ होते, पण रांगेशी त्यांचा संबंध मी कधी जोडला नव्हता.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या वाक्यात जो बदल आहे तो करणं कुणाच्या हातात आहे? कलाकाराचं नाव, चेहरा, आवाज, जे काही मिळेल ते त्या माणसाकडे वळवा. दुसऱ्या कुणाकडे वळलं तर थांबा.

पहिल्या वेळी आम्ही इथेच चुकलो. डिसेंबर 2022 मध्ये मालिकांत काम करणारे एक अभिनेते आमच्या विनंतीवरून तळावर आले. खांदा फुटलेला एक बैल कॅमेऱ्यात घेतला. बाजूला त्याचा गाडीवान उभा होता, हातात चाबूक. अभिनेत्यांनी मनापासून सांगितलं की हे हाल थांबवा. व्हिडिओ दोन दिवसांत लाखभर लोकांनी पाहिला. प्रतिक्रिया वाचताना आधी मला आनंद झाला, मग अंगावर काटा आला. निम्म्या शिव्या त्या गाडीवानाला होत्या. ते बीड जिल्ह्यातले. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन बायको आणि दोन मुलांसह आलेले, पालात राहणारे. त्यांच्या गावात व्हिडिओ पोचला. पुढच्या रविवारी मी टेबल मांडलं तेव्हा ते आले आणि म्हणाले, "बाई, गावानं मला खाटीक म्हटलं. बैल मेला तर दुसरा घ्यायला मलाच पुन्हा उचल घ्यावी लागती. मी कशाला मारीन त्याला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती रांग कारखान्याने लावलेली, टेकू कारखान्याने ठेवलेला नाही, आणि लाखभर लोकांसमोर उभा केला तो रांगेतला सगळ्यात असहाय माणूस. त्याच संध्याकाळी आम्ही व्हिडिओ काढून टाकला, पण लोकांनी पुढे पाठवलेला काढता येत नाही. उन्हाळ्यात मी त्यांच्या गावी गेले, मारुतीच्या पारावर चार लोकांसमोर त्यांची माफी मागितली. त्यांनी चहा पाजला.

हे फक्त आमच्याकडे घडतं असं नाही. फ्रेंच अभिनेत्री ब्रिजित बार्दो 1977 मध्ये कॅनडाच्या बर्फावर गेल्या आणि सीलच्या पांढऱ्या पिल्लांची शिकार जगापुढे आणली. त्या आणि इतर अनेकांच्या लढ्यातून 1983 मध्ये युरोपीय समुदायाने त्या पिल्लांच्या कातड्यांच्या आयातीवर बंदी आणली. पिल्लं वाचली, हे मोठंच काम. पण बाजारात सगळ्याच सीलच्या कातड्याची किंमत कोसळली आणि उत्तर ध्रुवाजवळचे इन्युइट लोक, जे पिल्लं मारत नव्हते, मोठे सील मारून खात आणि कातडं विकत, त्यांचं रोजचं उत्पन्न गेलं. त्यांच्याकडे कुणी कॅमेरा नेला नव्हता. प्राण्याच्या बाजूने बोलताना त्या प्राण्यावर पोट असलेल्या माणसाची गणती आधी करा. मग कलाकाराला बोलवा.

नाव योग्य दाराकडे वळलं की काय होतं, याचं माझं आवडतं उदाहरण रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचं आहे. भरतनाट्यम म्हटलं की त्यांचं नाव येतं. 1952 मध्ये त्या राज्यसभेवर गेल्या आणि प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्ध खासगी विधेयक घेऊन उभ्या राहिल्या. नेहरूंनी सरकार स्वतः हा विषय हाती घेईल असं आश्वासन दिलं, तेव्हा त्यांनी ते मागे घेतलं आणि त्यातून 1960 चा प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा झाला. 1962 मध्ये स्थापन झालेल्या भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्ष. आपली कीर्ती त्यांनी थेट कायदा करणाऱ्या सभागृहात नेऊन वापरली. त्याच कायद्यात पहिल्या गुन्ह्याला आजही 10 ते 50 रुपये दंड आहे, हेही सांगायला हवं. म्हणून नुसतं "पोलिसात तक्रार करा" हे वाक्य मी कुठल्याच कलाकाराच्या तोंडी देत नाही.

आमच्या शेजारी कोल्हापूर जिल्ह्यात दोन हत्तींची प्रकरणं झाली. दोन्ही नीट अभ्यासण्यासारखी आहेत. जोतिबा देवस्थानाला दिलेल्या सुंदर हत्तीसाठी पेटा या प्राणीहक्क संस्थेने 2012 मध्ये मोहीम उघडली. पॉल मॅकार्टनी, अमिताभ बच्चन, माधुरी दीक्षित अशा नावांनी त्याची बाजू घेतली. सरकारने त्याला हलवण्याचा निर्णय त्याच वर्षी घेतला, पण हत्ती हलला नाही. एप्रिल 2014 मध्ये उच्च न्यायालयाचा आदेश झाला, पुढे सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला, तेव्हा जूनमध्ये सुंदर बंगळुरूजवळच्या बन्नेरघट्टा उद्यानात गेला. मधल्या दोन वर्षांत कागद लावून धरणारे वकील आणि कार्यकर्ते नसते, तर त्या मोठ्या नावांची पत्रं फायलीतच राहिली असती. इस्लामाबादच्या प्राणिसंग्रहालयातल्या कावन हत्तीचंही तसंच. गायिका शेर यांनी 2016 पासून त्याचा विषय सोडला नाही, तिथल्या लोकांनी न्यायालयात धाव घेतली, मे 2020 मध्ये इस्लामाबाद उच्च न्यायालयाने आदेश दिला आणि नोव्हेंबरमध्ये कावन कंबोडियात पोचला. दार उघडलं न्यायालयाने. कलाकाराने ते दार लोकांच्या नजरेसमोर ठेवलं, तेही चार वर्षं.

दुसरं प्रकरण नांदणी मठाच्या महादेवीचं, जुलै 2025 मधलं. न्यायालयाच्या आदेशाने ती जामनगरच्या वनतारा या प्राणीकेंद्रात गेली तेव्हा आमच्या भागातली माणसं रडली, मूक मोर्चा निघाला. माझं पशुवैद्यक म्हणून मत आहे की हत्तीला कळप आणि मऊ जमीन हवी, काँक्रीट नको. तरी त्या दिवसांत मी पाहिलं की चर्चा तिच्या पायांच्या दुखण्यावरून उठून ते केंद्र चालवणाऱ्या बड्या उद्योगसमूहाच्या नावावर जाऊन बसली. लोकांना कुणी आधी विचारलंच नव्हतं, तेव्हा त्यांना ते नाव म्हणजे उचलून नेणारा हात वाटला. गावाला ज्या प्राण्याबद्दल माया आहे, त्या मायेला शत्रू ठरवून मोहीम उभी करू नका. बाहेरचं मोठं नाव आणण्याआधी गावातल्या पाच जणांकडे जाऊन बसा.

यावरून कलाकार निवडण्याकडे येते. प्रसिद्धी किती, हा माझा शेवटचा प्रश्न असतो. आधीचे प्रश्न असे: या माणसाचं या प्राण्याशी काही नातं आहे का? ज्याच्या हातात निर्णय आहे तो याचं ऐकेल का? आणि हा माणूस उद्या आपल्या वाक्याच्या उलट वागताना दिसेल का?

तिसऱ्या प्रश्नात आम्ही पहिल्या वेळी दुसरा मार खाल्ला. तो व्हिडिओ येऊन दोन आठवडे झाले असतील, ते अभिनेते एका बैलगाडी शर्यतीला प्रमुख पाहुणे म्हणून हजर. निशाण दाखवतानाचा फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर. शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये परवानगी दिली होती, त्यामुळे त्यांनी बेकायदा काही केलं नाही. पण तळावरचे गाडीवान मला विचारू लागले, की आमचा बैल दिसला, तिथला नाही दिसला का? चूक माझी. मी त्यांना विचारलंच नव्हतं. नाओमी कॅम्पबेल या मॉडेलने 1994 मध्ये पेटाच्या फरविरोधी जाहिरातीत काम केलं आणि 1997 मध्ये फर घालूनच रॅम्पवर आली. संस्थेला तिच्याशी संबंध तोडावे लागले, आणि आज ती जाहिरात आठवते ती याच कारणासाठी.

म्हणून आता मी सरळ विचारते. पुढच्या सहा महिन्यांत शर्यतीचं आमंत्रण स्वीकारलं आहे का? घरी पोपट आहे का? (आपल्याकडचा पोपट पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही आणि पिंजऱ्याजवळचा एक फोटो सगळ्यावर पाणी फिरवतो.) नागपंचमीला नाग हातात घेतल्याचे जुने फोटो आहेत का? चामड्याची किंवा एखाद्या कारखान्याची जाहिरात चालू आहे का? अवघडल्यासारखं वाटतं, पण चांगला कलाकार रागावत नाही. एकाने मला खरं सांगितलं की शर्यतवाल्यांशी त्याचे घरचे संबंध आहेत आणि त्याला दोन्हीकडे उभं राहता येणार नाही. अशा माणसाचे आभार मानावेत.

आणि एक. कलाकार म्हणजे फक्त पडद्यावरचा नव्हे. 1980 मध्ये पुण्यात नीलिमकुमार खैरे 72 विषारी सापांसोबत 72 तास काचेच्या खोलीत राहिले. साप आपणहून चावत नाही, हे त्यांना लोकांना दाखवायचं होतं. ते काही नट नव्हते, तरी सापांसाठी त्यांनी जे केलं ते एखाद्या सिनेनटाच्या हाती साप देऊन झालं नसतं. तुमच्या तालुक्यातले कीर्तनकार, गाजलेला पैलवान, लोकांना आवडणारी निवेदिका यांची नावं आधी लिहा. आमच्याकडे कारखान्याचे चेअरमन पैलवानाला उठून खुर्ची देतात.

दुसऱ्या वेळी आम्ही ज्यांना बोलावलं त्या अभिनेत्री आमच्याच पट्ट्यातल्या, वडील ऊसउत्पादक आणि त्याच कारखान्याचे सभासद. त्यांचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण त्यांच्याकडे मग रोज दहा विनंत्या जातील. पडद्यावर त्या मोठ्या नाहीत, नाटकात आहेत. कारखान्याच्या संचालकांच्या घरातल्या बायकांनी त्यांची नाटकं पाहिली आहेत. आम्हाला एवढी प्रसिद्धी पुरेशी होती.

गाठायचं कसं? मुंबईच्या मॅनेजरला मेल पाठवून वाट बघण्यापेक्षा नाटकाचा दौरा बघा. प्रयोग सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात असेल, तर कलाकार दुपारीच गावात आलेला असतो. पण प्रयोगाआधी भेटू नका. तेव्हा त्याचं डोकं भूमिकेत असतं. मध्यंतरातही नको. प्रयोग संपल्यावर सेल्फीवाल्यांची गर्दी ओसरू द्या, मग व्यवस्थापकाला सांगून दोन मिनिटं मागा. दोनच. हातात एक पान द्या आणि निघा. तिथल्या तिथे होकार काढू नका. थकलेल्या माणसाने भिडेखातर दिलेला होकार आठवड्यात मोडतो. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर मेसेज करा. माझा मेसेज असा होता (बेंदूर म्हणजे आमच्याकडचा बैलांचा सण, पोळ्यासारखा):

"नमस्कार ताई. काल भावे नाट्यमंदिरात भेटले, मी वाळव्याची निवृत्त पशुवैद्यक. बेंदराच्या आदल्या संध्याकाळी एका गोठ्यात खांदेमळणीला यावं आणि कॅमेऱ्यासमोर एकच वाक्य बोलावं अशी विनंती आहे: नंबर चिठ्ठीवर असू द्या, जू बैलावर नको. तुमचे दोन तास लागतील. मानधन देण्याची आमची ऐपत नाही, ने-आण आणि जेवण आमच्याकडे. वाक्यामागचा नियम आणि तीन फोटो सोबत आहेत. व्हिडिओ तुम्हाला दाखवल्याशिवाय बाहेर जाणार नाही. जमणार नसेल तरी नि:संकोच कळवा."

त्यात काय काय आहे बघा: कधी, कुठे, किती वेळ, काय बोलायचं, पैसे नाहीत, आणि शेवटचा शब्द त्यांचा. त्यांचा फोन चार दिवसांनी आला. पहिला प्रश्न होता, "बाई, यात गाडीवानांना त्रास होणार नाही ना?" मी पहिल्या व्हिडिओची सगळी हकीकत सांगितली. तुमच्या चुका त्यांना दुसऱ्याकडून कळण्याआधी तुमच्याकडून कळू द्या.

एका पानाच्या टिपणात खात्री नसलेला एकही आकडा घालू नका. राज्यात एवढे हजार बैल दरवर्षी मरतात, असा एक आकडा आमच्याकडे फिरत होता. कुणी मोजला ते सापडेना, म्हणून काढला. कलाकाराने चुकीचा आकडा बोलला तर खोटी ती ठरते, आपण नाही. आम्ही लिहिलं ते एवढंच: मागच्या हंगामात आम्ही तपासलेल्या 312 बैलांपैकी 94 जणांच्या खांद्याला सूज किंवा जखम होती. आमच्या वहीतले आकडे, तारखांसकट.

कागदपत्रं फार नाहीत, पण करा. फोटो-व्हिडिओ कुठे आणि किती दिवस वापरणार याचं दोन ओळींचं संमतिपत्र. कलाकाराचं, आणि कॅमेऱ्यात येणाऱ्या प्रत्येक गाडीवानाचंही, वाचून दाखवून. कुठल्याही रूपात मानधन किंवा भेटवस्तू दिली असेल, तर व्हिडिओवर तसं स्पष्ट लिहा. कलाकाराच्या तोंडून देणगी मागायची असेल, तर तुमची संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली हवी आणि हिशेब तयार हवा. आम्ही देणगी मागितलीच नाही. मागणी एकच ठेवायची हे ठरलं होतं.

चित्रीकरणाच्या दिवसाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण प्राण्याचे हाल तिथेही होतात. बैल ओळखीच्या गोठ्यात आणि ओळखीच्या माणसाजवळच हवा. दिवे लावू नका, संध्याकाळच्या उजेडात उरकेल एवढंच ठरवा. ड्रोन नको, त्याच्या आवाजाने बिथरलेले बैल मी पाहिलेत. कॅमेऱ्यासाठी जखम उघडी करून दाखवायची नाही, त्यावरची पट्टी काढायची नाही. कलाकाराने बैलाच्या समोरून नाही, खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जावं, आधी हात हुंगू द्यावा. माणसं सहाच्या वर नकोत. आणि जनावर नको म्हणालं, म्हणजे मान झटकली, कान मागे घेतले, पाय आपटले, तर चित्रीकरण संपलं. वन्यप्राणी असेल तर तो चौकटीत घ्यायचाच नाही. सुटका केलेलं घुबड किंवा नाग हातात धरलेल्या कलाकाराचा फोटो गुन्हा ठरू शकतो, आणि बघणाऱ्याला तो पाळायचीही इच्छा होते.

आम्ही तळाऐवजी गोठा आणि बेंदूर का निवडला, तेही सांगते. बेंदराच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलाचे खांदे गरम पाण्याने शेकतात आणि लोणी-हळद लावून मळतात. वर्षभर जू वाहिलेल्या जागेवर घरातली माणसं हात फिरवतात. खांदा म्हणजे काय हे आमच्या लोकांना त्या संध्याकाळी शिकवावं लागत नाही. अभिनेत्रीने खांदा मळला, आणि पहिलं बोलणं तिचं नव्हतं. बीडचे ते गाडीवान, ज्यांची मी माफी मागितली होती, त्यांना आम्ही भाडं पाठवून बोलावलं होतं. त्यांनी रांग म्हणजे काय ते स्वतः सांगितलं. सात तासांत किती वेळा गाडी सरकते, पाणी कुठून आणावं लागतं, नंबर गेला की खेप कशी बुडते. मग तिने ते एक वाक्य म्हटलं. व्हिडिओ दीड मिनिटाचा झाला. या वेळी शिवी कुणालाच नव्हती, कारण बोलणारा माणूस पीडितही होता आणि जाणकारही.

वेळ फार महत्त्वाची. बेंदूर जून-जुलैत, साखर कारखान्यांच्या वार्षिक सभा सप्टेंबरमध्ये, हंगाम त्यानंतर. मधले दोन महिने आम्ही व्हिडिओ लोकांत पसरवण्यापेक्षा सभासदांच्या घरी नेऊन दाखवला. डिसेंबरात केला असता तर शेतकी अधिकारी म्हणाले असते, आता हंगाम चालू आहे, पुढच्या वर्षी बघू. कुत्र्यांसाठी काम करत असाल तर महापालिकेचं अंदाजपत्रक कधी ठरतं ते बघा, कलाकाराचा वाढदिवस नव्हे.

आणि उत्तर तयार ठेवा. लोक विचारणारच: बैल कशाला, सगळं ट्रॅक्टरने न्या. आमच्या तालुक्यातल्याच राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी 2022 मध्ये जुवाखाली लावायचं तिसरं चाक तयार केलं होतं. त्याने मानेवरचा भार उतरतो. कलाकाराच्या व्हिडिओखाली आम्ही त्याचा फोटो ठेवला आणि लिहिलं की उपाय शोधणारी पोरं इथेच आहेत. वाद घालायला आलेले बरेचजण त्या चाकाबद्दल विचारू लागले.

सप्टेंबर 2024 च्या सभेत चार सभासदांनी चिठ्ठीचा विषय मांडला. त्यातल्या एक अभिनेत्रीच्या आई. चेअरमननी शेतकी विभागाला सांगितलं आणि हंगाम सुरू होताना बैलगाड्यांच्या काट्यावर छापील नंबर सुरू झाले. कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये जुन्या पाइपांचे 40 टेकू बनवले गेले, पाण्याचे दोन हौद झाले. त्या हंगामात आमच्या वहीत 287 बैल आहेत आणि त्यांतले 51 खांद्याला सूज किंवा जखम असलेले. ऊसही त्या वर्षी कमी होता, म्हणून हा फरक सगळा चिठ्ठीचा आहे असं मी म्हणत नाही.

अभिनेत्रीला मी दर महिन्याला दोन ओळी कळवत राहिले. किती टेकू झाले, कुठला मोडला. बहुतेक गट व्हिडिओ मिळाला की कलाकाराला विसरतात आणि वर्षाने पुन्हा मागायला जातात. तिने आपणहून जानेवारीत तळावर येऊन दोन तास घालवले, कॅमेरा नव्हता. गाडीवानांच्या पालांत चहा घेतला.

दुपारी 12 ते 3 चा नियम मात्र अजून आमच्या भागातल्या एकाही तळावर पाळला जात नाही. मार्चमध्ये पारा 37 च्या वर जातो आणि तेव्हाच ऊस उरकायची घाई असते. त्यासाठी सावलीची शेड हवी, आणि त्याचा निर्णय संचालक मंडळाचा आहे. तापमान रोज लिहायला आम्ही थर्मामीटर लावलाय. अभिनेत्रीचा पुढचा प्रयोग सांगलीत महिनाअखेरीस आहे. एक पान लिहून तयार आहे, वाक्य अजून लांब आहे, ते कापतेय.